गुलाबाच्या यादीतली मुलगी

सुमेधा,

पत्र म्हणून सुरू करते आहे, पण हे पत्र म्हणून पुरं होणार नाही. तुला 'तू' म्हणून लिहायला बसले की दुसऱ्या वाक्यापासून मी सबबी सांगायला लागते. तीन कागद फाडून झाले. सख्य मंडळाच्या स्मरणिकेने माझ्याकडे 'आठवणीतली सखी' या सदरासाठी मजकूर मागितला आहे, आणि मला आठवते ती तूच. तेव्हा तिऱ्हाइताने लिहावं तसं तुझ्याविषयी लिहिते. मीही त्यात येईन, पण बर्वे मॅडम म्हणून, आणि होते तशी. तुझ्या घरातलं जे लिहिलं आहे त्यातलं काही तू मला स्टाफरूममध्ये ऐकवलं होतंस, उरलेलं नाजिमाकडून कळलं. चुकलं असेल तिथे खोड. छापणार असतील तर छापतील, नाहीतर राहिलं.

सुमेधा ओव्हाळ बोपोडीची. वडील बसवर कंडक्टर, आई घरी ब्लाउज शिवायची, आणि घरात शब्द चालायचा तो आजोबांचा. भीमराव ओव्हाळ खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. छप्पन साली सोळा वर्षांचे होते. वडिलांबरोबर आगगाडीने नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि आल्या दिवशी बापलेकांनी घरातले देव फडक्यात बांधून मुळेत सोडले. हे ते फारसं रंगवून सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "ओझं होतं. टाकलं."

बोपोडीच्या विहारात दर चौदा ऑक्टोबरला बावीस प्रतिज्ञा म्हटल्या जात. एकाने पुढे उभं राहून सांगायच्या, बाकीच्यांनी मागून म्हणायच्या. सुमेधा नऊ वर्षांची असल्यापासून पुढे उभी राहणारी तीच. तिला त्या भीमरावांनीच शिकवल्या होत्या, सकाळी दाढी करता करता. पोरगी घाई करायला लागली की वस्तरा थांबायचा. "पळू नकोस. माणसं शपथ घेतायत, बस पकडत नाहीयेत." मुलगी कंडक्टरची, त्यामुळे हा टोमणा बापालाही लागायचा. दरवर्षी सभा संपली की भीमराव सगळ्यात मागच्या खुर्चीवरून उठायचे, तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि काही न बोलता चपला शोधायला जायचे. सुमेधाला त्या हाताची सवय झाली होती. शाळेतली बक्षिसं तिला त्याच्यापुढे पाणचट वाटायची.

दोन हजार तेराच्या जूनमध्ये ती आमच्या कॉलेजात आली. कॉलेज मुलींचं, पेठेतलं, जुनं. त्यात 'सख्य' नावाचं मंडळ. बाहेरच्यांना ते खूळ वाटतं, आतल्यांना ते माहेर वाटतं. नव्या मुलीला शेवटच्या वर्षातली एक 'थोरली' मिळते. थोरली तिला नोट्स देते, शिक्षकांचे स्वभाव समजावते, पुढे नोकरीसाठी शब्द टाकते, आणि हे नातं जन्मभराचं धरलं जातं. सत्तरीच्या बायका एकमेकींना 'माझी धाकटी' म्हणून ओळख करून देतात तेव्हा समोरचा माणूस गोंधळतो. श्रावणातल्या शुक्रवारी सभागृहात 'जोडणी' होते. थोरली धाकटीला कुंकू लावते, हातावर फुटाणे-साखर ठेवते आणि म्हणते, "आजपासून तू माझी." संपलं. पाच मिनिटांचं काम, पण मुली आठ दिवस आधीपासून साड्या ठरवत असतात.

आता गुलाब. त्याच्या चार वर्षं आधी एका मुसलमान मुलीने कुंकवाला नको म्हटलं होतं आणि जोडणी तिथेच अडली होती. मंडळाच्या कार्यवाह मुक्ताई बर्वे, अर्थशास्त्राच्या प्राध्यापक, स्वतःला पुढारलेल्या समजणाऱ्या. त्यांनी तोडगा काढला: ज्यांच्यात कुंकू चालत नाही त्यांना थोरलीने गुलाब द्यावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना आपण केवढं मोठं काम केलं असं वाटलं. तेव्हापासून जोडणीच्या आठवडाभर आधी बाई प्रवेशाची यादी समोर घेऊन बसत आणि प्रत्येक नावापुढे 'कुं.' किंवा 'गु.' लिहीत. मंडईतून किती गुलाब आणायचे ते कळायला नको? शेख, गुलाब. डिसोझा, गुलाब. ओव्हाळ, गुलाब. मुलींना विचारायचं हे बाईंच्या डोक्यातही आलं नाही. आडनाव समोर असताना विचारायचं काय?

ती यादी फलकावर लागायची.

त्या वर्षी यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी स्टाफरूमच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वारज्याहून रिक्षाने आलेल्या, घामाघूम, पण पदर नीट.

"बर्वे कोण इथे?"

"मी. बसा ना."

"बसायला नाही आले मी. आमची वैष्णवी गुलाबात कशी?"

बाईंनी यादी पाहिली. वैष्णवी गायकवाड, गु. "अहो, आडनावावरून जरा गोंधळ..."

"कुठल्या आडनावावरून? बडोद्याला कोण गायकवाड होते, शिकवता की नाही तुमच्यात? शहाण्णव कुळी आम्ही! नातेवाइकांच्या पोरी आहेत याच कॉलेजात. सगळीकडे झालं की हो, वैष्णवीला गुलाब, वैष्णवीला गुलाब!"

बर्वे बाई उठल्या, फलकापाशी गेल्या, आणि पाचपन्नास मुलींच्या देखत लाल पेनाने 'गु.' खोडून 'कुं.' लिहिलं. तेवढ्यावर भागलं नाही असं वाटून त्याच संध्याकाळी वारज्याला गायकवाडांच्या घरी जाऊन आल्या. सोबत नारळ, ब्लाउजपीस. चहा झाला, पोहे झाले, हसणं-खिदळणं झालं.

फलकापाशी त्या वेळी सुमेधाही उभी होती. आपली थोरली कोण ते बघायला आली होती. पूर्वा केतकर. मराठी वाङ्मयाची, जाड भिंगाची, ग्रंथालयात सुमेधाला स्वतःच्या कार्डावर पुस्तकं काढून देणारी. सुमेधाला हीच हवी होती. तिने नाव वाचलं, खूश झाली, नावापुढचा 'गु.' वाचला आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. गुलाब तर गुलाब. मग बाईंच्या मागोमाग आलेल्या वैष्णवीच्या आईचा चेहरा दिसला. गुलाब मिळणं म्हणजे काय असतं ते त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

ती बर्वे बाईंच्या पुढ्यात गेली.

"मॅडम, माझंही खोडा."

"तुझं काय चुकलंय? ओव्हाळ ना तू?"

"चुकलं नाही. विचारलं नाही."

"अगं, तुमच्यात चालत नाही म्हणूनच तर केलं हे. तुमच्यासाठीच."

"आमच्यात काय चालतं ते तुम्हाला कोणी सांगितलं? माझी आई रोज लावते."

"हे बघ, मला चार तास आहेत. कुंकू की गुलाब?"

"तिसरं काही नाही?"

"दोनच रकाने आहेत."

सुमेधा म्हणाली, "मग कुंकू." आणि बाईंनी लाल पेनाने खोडलं. मनातून त्यांना बरंच वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू.

नाजिमा इनामदार तिच्याच वर्गातली, घोरपडे पेठेतली. बाहेर पडल्यावर ती सुमेधाला म्हणाली, "मला तर गुलाबच हवा होता, बाई. विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं."

"मग?"

"मग विचारायला काय जात होतं यांचं!" आणि दोघी जिन्यात बसून हसल्या.

जोडणी झाली. पूर्वाने कुंकू लावलं ते जरा ओघळलं. तिने आपल्या पदराच्या टोकाने सुमेधाच्या नाकावरचं पुसलं आणि म्हणाली, "आजपासून तू माझी, आणि ग्रंथालयाचा दंडही तुझा." त्या क्षणाचा फोटो निघाला. फोटो खरंच सुरेख आला होता. सख्यचं ते साठावं वर्ष, एका दैनिकाच्या पुरवणीला मजकूर हवा होता. बर्वे बाईंनी तोच फोटो पाठवला आणि खालची ओळ स्वतः लिहिली: 'साठ वर्षांची परंपरा आता सर्वांना सामावणारी. ओव्हाळ कुटुंबातील कन्येने आनंदाने कुंकू स्वीकारले.' सुमेधाला विचारलं नाही. हे दुसऱ्यांदा.

भीमराव रोज विहाराच्या वाचनालयात जाऊन चार वर्तमानपत्रं वाचायचे. मंगळवारी घरी आले ते घडी केलेलं कात्रण घेऊन. पानाची भरपाई म्हणून वाचनालयाला नवीन अंक विकत आणून देऊन आले होते; शिस्तीचा माणूस. सुमेधा कॉलेजातून आली तेव्हा कात्रण टेबलावर होतं.

"हा तुझाच ना?"

"हो, आजोबा."

"लावणारी कोण?"

"पूर्वाताई. माझी थोरली."

"आडनाव?"

सुमेधाला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुम्हीपण आडनावच विचारता?"

"छप्पन साली मी नागपूरला गेलो ना, तोवर मला कोणी नाव विचारलं नव्हतं. आडनावच विचारायचे. म्हणून तर गेलो. बोल."

"केतकर."

"आठवी म्हण."

आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाच्या हातून कुठलंही क्रियाकर्म करून न घेण्याची. तिने म्हटली. न अडखळता, न पळता.

"येते की तुला," भीमराव म्हणाले.

"आजोबा, ते क्रियाकर्म नव्हतं. मैत्रीण आहे ती माझी. आणि बावीसांत कुंकू कुठं आहे ते दाखवा. आई लावते ते चालतं?"

"तुझ्या आईचं कुंकू पेपरात येत नाही. खाली काय लिहिलंय वाच. मोठ्यानं."

तिने वाचलं.

"स्वीकारलं. आम्ही जे टाकून आलो ते माझ्या नातीनं आनंदानं स्वीकारलं. साऱ्या पुण्याला कळवलंय त्यांनी."

"मी ते लिहिलेलं नाही!"

"नाव तुझं आहे."

तिने यादीचं सांगितलं, फलकाचं सांगितलं, गायकवाड बाईंचं सांगितलं. गुलाब का झिडकारला ते सांगितलं. भीमरावांनी ऐकून घेतलं. पण नात स्वतःच्या बचावासाठी बोलते आहे असंच त्यांना वाटलं असावं, कारण शेवटी ते एवढंच म्हणाले, "तू कॉलेजात पोचलीस. तिथं तुला चांगलं बोलायला शिकवलंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी विहाराच्या मंडळींना सांगितलं, यंदा प्रतिज्ञा दुसरी कुणीतरी मुलगी सांगेल.

सुमेधाने आधी पूर्वाला सांगितलं. पूर्वा मनाने वाईट नव्हती. ती खरोखर हळहळली आणि मग म्हणाली, "अगं पण वेडे, घरी जायच्या आधी पुसून टाकायचंस ना!" त्यानंतर सुमेधा पूर्वाच्या कार्डावर पुस्तकं घेत राहिली, पण गप्पा बंद झाल्या.

मग ती बर्वे बाईंकडे आली. स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, बाकीचे डबे उघडून बसलेले असताना.

"मॅडम, तुम्ही माझ्या घरी या."

"का गं? काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. आवाज खाली न ठेवता. वरणभाताचे घास थांबले. "आजोबांना माझं खरं वाटत नाही. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. यादी तुम्ही केलीत, मला विचारलं नाहीत. ती ओळ तुम्ही लिहिलीत, तेव्हाही विचारलं नाहीत. एवढंच सांगायचं. वारज्याला गेलात तशा बोपोडीला या. नारळ नका आणू."

"अगं, मी पेपरला खुलासा पाठवते ना."

"पेपर नको. आजोबा हवेत. चौदा ऑक्टोबरच्या आत."

"येते. या रविवारी येते. नक्की." बाईंनी तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. बोपोडीचा चौक, विहार, विहाराच्या मागची तिसरी गल्ली, निळं दार. तिने छोटा नकाशाच काढून दिला.

त्या रविवारी भीमरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरात तीन खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीचा पाय डुगडुगायचा म्हणून शेजाऱ्यांची चौथी आणली. सुमेधाच्या आईने बेसनाचे लाडू केले. आणि कुंकू लावून बसायचं की पुसून, यावरून तिची आणि नवऱ्याची सकाळी कुजबुज झाली. शेवटी लावूनच बसली. संध्याकाळी सहाला खुर्ची परत गेली.

बर्वे बाईंकडे त्या रविवारी पाहुणे आले होते. सोमवारी त्यांनी सुमेधाला तसं सांगितलं. पुढचा रविवार गौरी-गणपतीच्या सामानाचा. मग गौरी. मग तपासायचे पेपर. सुमेधा दोनदा येऊन आठवण करून गेली, तिसऱ्यांदा आली नाही. बाईंना बोपोडी लांब नव्हती. कसब्यातून वारजं तिच्याहून लांब. पण त्या घरात जाऊन खुर्चीवर बसून म्हाताऱ्या फिटरपुढे 'माझं चुकलं' म्हणायचं, हे त्यांच्याने होईना. गायकवाडांकडे तेच वाक्य त्या पोह्यांबरोबर सहज म्हणून आल्या होत्या.

चौदा ऑक्टोबरला विहारात शेफाली नावाची नववीतली मुलगी पुढे उभी राहिली. चांगली मुलगी, पण घाबरलेली. सुसाट म्हणत सुटली. लोकांना मागून म्हणता येईना, अर्धे प्रतिज्ञेच्या मध्येच सुटायचे. सुमेधा तिसऱ्या ओळीत बसून भीमरावांकडे बघत होती. आता थांबवतील, आता म्हणतील पळू नकोस. ते काही बोलले नाहीत. सभा संपली, त्यांनी शेफालीच्या डोक्यावरही हात ठेवला नाही. चपला शोधल्या आणि चालू लागले. त्यानंतर त्यांनी कधी कुणाला प्रतिज्ञा शिकवल्या नाहीत, आणि सुमेधाला पुन्हा कुणी पुढे बोलावलं नाही.

घरात त्यांनी अबोला धरला असं मात्र नाही. तसं केलं असतं तर बरं, असं सुमेधा नाजिमाला म्हणायची. गॅसचा नंबर लाव म्हणायचे, वीजबिल भर म्हणायचे, पावसात छत्री घे म्हणायचे. सगळं बोलायचे. फक्त सकाळी दाढी करताना ती जवळून गेली की नळ सोडायचे.

सख्यने पुढे सुधारणा केली. दोन वर्षांनी छापील अर्ज आला: कुंकू, गुलाब, काहीही नाही. तीन चौकोन, आवडेल त्यात खूण करा. बर्वे बाईंनी भाषणात सांगितलं की हे एका जागरूक विद्यार्थिनीमुळे घडलं. जागरूक विद्यार्थिनी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, थोरली होण्याच्या वयाची. तिने अर्ज कोरा परत केला. तिला धाकटी मिळाली नाही, आणि 'माझ्या धाकटीला घ्या' असा शब्द तिच्यासाठी कुणी कुठे टाकला नाही. पूर्वा तोवर लग्न करून बंगळुरूला गेली होती. अधूनमधून शुभ सकाळ पाठवायची, फुलांच्या चित्रासकट.

सुमेधाने स्वतःच्या जिवावर खराडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी धरली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि नोंदवायच्या. म्हणायची, सोपं आहे, इथे चूक दाखवली तर लोक दुरुस्त करतात. आता ती वारज्याला आई-वडिलांना घेऊन राहते. तिच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि आईच्या खोलीत आरशापाशी कुंकवाची डबी. ती स्वतः लावत नाही. का, ते कुणाला सांगत नाही. नाजिमाने एकदा विचारलं तर म्हणाली, "रकाना भरायचा नाहीये मला."

भीमराव दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत गेले. एकोणऐंशीव्या वर्षी, झोपेत. तो विषय दोघांत शेवटपर्यंत निघाला नाही.

त्याआधीची दिवाळी. बर्वे बाईंना तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. कसबा पेठेत तांबटांच्या दुकानापाशी सुमेधा समोरून आली. आईसाठी तांब्याला कल्हई करून घ्यायला आली होती. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती मात्र थांबली.

"मॅडम, कशा आहात?"

"मी ठीक. गुडघे सोडून. तू कुठे असतेस?"

तिने सांगितलं. नोकरीचं, वारज्याचं. बोपोडीचं घर अजून आहे, आजोबा ते सोडायला तयार नाहीत, शनिवार-रविवार ती तिकडे असते. मग तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मॅडम, आजोबा अजून आहेत. ऐकू कमी येतं, पण समोर बसून बोललं की कळतं. दार तेच आहे, निळं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना उत्तर सुचलं असतं.

"या रविवारी येते," बाई म्हणाल्या. "अगदी नक्की."

"किती वाजता येता? म्हणजे मी चौकात येऊन थांबते."

"अकराला."

त्या रविवारी मुक्ताई बर्वे घरीच होत्या. पाहुणे नव्हते, सण नव्हता, तपासायला पेपर नव्हते. नऊ वाजता त्यांनी साडी बदलली, रिक्षासाठी सुटे काढून ठेवले आणि खिडकीशी पेपर वाचत बसल्या. साडेअकराला फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला.